इतिवृत्तात बाई कुठं असते?



कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राची जनसुनावणी हा स्त्री-चळवळीचा विषय आहे का, असा प्रश्न या अंकाची आखणी करताना आमच्यातच निघाला. हिंसाचार, पोटगी, रोजगार, आरोग्य हे प्रश्न आ वासून उभे असताना राखेला आणि धुराला इतकी पानं का द्यायची? चर्चा चांगलीच रंगली. त्यातून जे हाती आलं ते आपल्यापुढे ठेवते आहे. विदर्भात औष्णिक केंद्राच्या परिसरातल्या गावांमध्ये बचत गटांबरोबर मी काही वर्षं काम करते आहे, त्यामुळे हे लिखाण तटस्थ नाही, हेही सुरुवातीलाच सांगते.

आधी थोडी माहिती. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली १९९४ साली मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण-मंजुरी सक्तीची झाली आणि १९९७ साली तिच्यात जनसुनावणीची तरतूद आली. आज चालते ती पद्धत मुख्यतः १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेतली आहे. प्रकल्प उभारणारी कंपनी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करते. म्हणजे तिनंच पैसे देऊन नेमलेले सल्लागार तो तयार करतात. त्याचा मसुदा लोकांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत ठेवायचा असतो. सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असतो. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, आणि जिथं वर्तमानपत्र पोहोचत नाही तिथं दवंडी पिटायची, असं नियमात लिहिलेलं आहे. मग प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी भरवतं. जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले वरिष्ठ अधिकारी अध्यक्षस्थानी असतात. सगळ्याचं चित्रीकरण होतं. हजर असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. तिच्या नावावर सातबारा आहे की नाही, हे तिथं कुणी विचारू शकत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. हजार लोकांनी हात वर करून ‘प्रकल्प नको’ म्हटलं म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. त्यामुळे ‘जाऊन उपयोग काय, ते ठरवूनच आलेले असतात’ असं अनेक गटांत ऐकू येतं. ठरवून आलेले असतात हे बरेचदा खरंही असतं. पण सुनावणीत नोंदल्या गेलेल्या प्रत्येक आक्षेपाला कंपनीनं लेखी उत्तर द्यायचं असतं, ते अंतिम अहवालात यायला हवं असतं आणि केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं त्याचा विचार करायचा असतो. गोव्यातल्या खाणीविरुद्ध उत्कर्ष मंडळानं केलेल्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली हेच स्पष्ट केलं. लोकांचे आक्षेप समितीनं विचारात घेतले पाहिजेत आणि ते का मानले नाहीत याची कारणं दिली पाहिजेत, असा त्या निकालाचा गाभा आहे. तेव्हा नोंद काय झाली याला फार महत्त्व आहे. आणि आपला प्रश्न इथंच सुरू होतो.

कारण नोंद कुणाची होते? मी एका सुनावणीला हजर होते. गावाचं नाव लिहीत नाही. वेळ दुपारची, म्हणजे मजुरी बुडवल्याशिवाय बाईला येता येणार नाही अशी. पुढच्या खुर्च्यांवर अधिकारी, पुढारी, ठेकेदार. बायका मंडपाच्या कडेला सतरंजीवर. दोन तास पुरुषच बोलले. काही प्रकल्पाच्या बाजूनं, काही विरोधात, पण जवळजवळ सगळे नोकऱ्या, जमिनीचा भाव आणि ठेके याविषयी. मग पन्नाशीच्या एक मावशी उठल्या. माईक हातात कसा धरायचा इथपासून तयारी. त्या म्हणाल्या, “पह्यले दोन शिट्ट्यांत वरण शिजे. आता सहा शिट्ट्या झाल्या तरी दाना तसाच रायते. पानी बदललं का आमची दाळ बदलली, ते सांगा.” मंडपात हशा पिकला.

हसण्यासारखं त्यात काय होतं? जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, हे शाळेच्या पुस्तकातलं विज्ञान आहे. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण वाढलं की ते सर्वांत आधी चुलीपाशी कळतं. राखेच्या तळ्यालगतच्या विहिरीबद्दल त्या सभेत दिली गेलेली ही सर्वांत नेमकी साक्ष होती. विहीर कुठली, फरक कोणत्या वर्षापासून, लाकूडफाटा आणि गॅस किती जास्त लागतो, हे सगळं मावशींनी सांगितलं. संध्याकाळी इतिवृत्ताचं वाचन झालं. त्यात ओळ होती : ‘स्थानिक महिलांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.’

सगळी साक्ष गेली, उरली ती चिंता. बाई बोलली की तिची माहिती ही ‘भावना’ होते, हा आपला सगळ्यांचा जुना अनुभव आहे. पोलीस ठाण्यात तो येतो, दवाखान्यात येतो, कुटुंब न्यायालयात येतो. तोच इथं आला. आणि हे वाचन होतं तेव्हा बहुतेक बायका घरी गेलेल्या असतात, कारण चूल पेटवायची वेळ झालेली असते. त्या दिवशी आम्ही सहाजणी थांबलो होतो. सुनावणीत मांडल्या गेलेल्या सर्व मतांचं आणि शंकांचं अचूक प्रतिबिंब इतिवृत्तात पडलं पाहिजे, ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे आणि संमत इतिवृत्तावर त्याच दिवशी सही झाली पाहिजे, हा अधिसूचनेतला भाग आम्ही लिहूनच नेला होता. तो वाचून दाखवला. थोडी घासाघीस झाली, आणि शेवटी विहिरीची जागा, वर्ष आणि पाण्याच्या जडपणाची तक्रार अशी नोंद झाली. मोठा विजय नव्हे. पण कंपनीला त्यावर ‘विहिरीची नियमित तपासणी करू’ असं लेखी उत्तर द्यावं लागलं, आणि त्या लेखी शब्दाच्या आधारे आज तिथला गट तपासणीचे आकडे मागतो आहे.

आता प्रकल्पाचं प्रमाण लक्षात घेऊ. ६६० मेगावॉटचे दोन संच, म्हणजे १,३२० मेगावॉट, पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालले तर दिवसाला सुमारे वीस हजार टन कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे दिवसाला सहा-सात हजार टन राख तरी धराच. नव्या केंद्रांना एका मेगावॉट-तासामागे तीन घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. त्या हिशेबानं दिवसाला साडेनऊ कोटी लिटर पाणी होतं. ग्रामीण नळ योजनांचं दरडोई दिवसाला ५५ लिटरचं प्रमाण धरलं, तर सुमारे सतरा लाख माणसांचं पाणी. हंडा डोक्यावर वाहणारीला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

कोराडीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. नागपूरजवळच्या या केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आधीच आहेत. आणखी दोन संचांसाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. नागपूरचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. कुरड्या-पापडांच्या वाळवणाचे हेच दिवस, आणि त्या वाळवणावर राख बसते ही तिथल्या बायकांची जुनी तक्रार. कोराडीत नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं जातं, ही चांगली गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण आत येणारं पाणी कुठलं, एवढ्यावर प्रश्न संपत नाही; राख कुठं जाते हा प्रश्न राहतोच. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला. राखेचा चिखल आसपासच्या वस्त्यांत आणि शेतांत शिरला, कोलार आणि कन्हान नद्यांत गेला. कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक स्रोत आहे.

इथं अहवालांमधली एक गंमत सांगते. हवा-पाण्याची सध्याची स्थिती दाखवण्यासाठी अशा अहवालात सहसा एकाच ऋतूतली, तीनेक महिन्यांची मोजमापं असतात, आणि तो ऋतू पावसाळ्याखेरीजचा असतो. बांध फुटतो तो पावसाळ्यात. विहिरीत राखेचं पाणी झिरपतं ते पावसाळ्यात. बाळ-बाळंतिणी आजारी पडतात ते पावसाळ्यात. आमच्या गटात मराठी सारांशाचं वाचन चालू असताना एका सुनेनं तारखा पाहून विचारलं, “ताई, यात पाऊस पडतच नाही का?” हा प्रश्न कोणत्याही तज्ज्ञानं विचारावा असा आहे. तो तिनं विचारला, कारण वर्षाचे बारा महिने तिथं तीच राहते.

बाधित कोण, हेही याच नजरेनं पाहावं लागेल. जमीन गेली तो बाधित, ही सरळ व्याख्या. महाराष्ट्रात १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, २००५ साली तो देशभर मिळाला. तरी सातबाऱ्यावर नाव बहुधा बापाचं, भावाचं, नवऱ्याचं. मोबदला त्याच्या खात्यात जातो. तो कसा खर्च होतो हे आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका सांगतातच. शेतमजूर बाई, गायरानावर चार शेळ्या चारणारी, नदीकाठी भाजी लावणारी, यांचं काहीच ‘गेलेलं’ नसतं, कारण कागदावर त्यांचं काही नव्हतंच. जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं घेतली जात असेल, तर विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्री हे स्वतंत्र कुटुंब धरायचं, असं त्या कायद्यात आहे. गावातल्या किती जणींना हे माहीत असतं? आणि यादी करायला येणारे कर्मचारी ते आपणहून सांगतात का?

‘मग तुम्हाला वीज नको का?’ हा प्रश्न हमखास येतो. वीज हवीच. पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, मुलीच्या अभ्यासाचा दिवा, रात्री वस्तीवरून येताना रस्त्यावरचा उजेड, या सगळ्याची किंमत बाईलाच जास्त कळते. केंद्रात काम करणाऱ्या कंत्राटी मजुरांच्या घरच्या बायकाही आपल्या गटात आहेत. त्यांची पोटाची काळजी खोटी नाही. म्हणूनच आपली भूमिका ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात बसत नाही. विजेचा उजेड एकीकडे आणि राख दुसरीकडे, ही वाटणी कुणी ठरवली, आणि ठरवताना कुणाला विचारलं, एवढं तरी विचारलंच पाहिजे.

हे विचारत राहण्यानं काय होतं, याचं उत्तर डहाणूत मिळतं. तिथल्या ५०० मेगावॉट केंद्राविरुद्ध लढा सुरू झाला तेव्हा जनसुनावणी कायद्यात नव्हतीच. डहाणू तालुका पर्यावरण कल्याण संघटनेच्या नर्गिस इराणी आणि किटायून रुस्तम या लढ्यात पुढे होत्या. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं केंद्र थांबवायला नकार दिला. लढाई तिथंच संपली असती. पण त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश या प्राधिकरणानं १९९९ साली दिला. ती बसली २००७ साली. कोर्टात हरल्यानंतर सोळा वर्षं. कागद जपणं, तारखांना जाणं, पुन्हा अर्ज करणं : कंटाळवाणं काम, पण त्यानंच हे घडलं.

आज ही चिकाटी अधिकच हवी आहे. २०२० च्या मसुद्यात लोकांना मत देण्यासाठीची मुदत तीस दिवसांवरून वीसवर आणायचा प्रस्ताव होता. देशभरातून विरोध झाला आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. पण ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या बहुसंख्य कोळसा केंद्रांना ही गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. डहाणूनं सोळा वर्षांत मिळवलं ते इतरांना मागण्याचीही सोय राहू नये, अशी ही दिशा आहे.

म्हणून गटांना काही सूचना. सुनावणीची सूचना लागली की सारांश मागवा आणि गटात मोठ्यानं वाचा. न कळलेला प्रत्येक शब्द हा आपला प्रश्न समजा. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथं ठराव करून तो लेखी द्या आणि पोच घ्या. निम्म्या जागांवर बाया निवडून आल्या आहेत, त्यांना सोबत घ्या. सुनावणीची वेळ सोयीची नसेल तर आधीच लेखी कळवा. बोलताना विहीर, महिना, वर्ष, अंतर सांगा. इतिवृत्त वाचून होईपर्यंत किमान पाचजणी थांबा. त्यांच्या घरचा त्या दिवशीचा स्वयंपाक आणि मुलं दुसऱ्या पाचजणींनी सांभाळावी. मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत तीस दिवसांची असते, हे विसरू नका. आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. आणि मंजुरीच्या अटी पाळल्या की नाहीत याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागवा.

तुमच्या भागात अशी सुनावणी झाली असेल, तर तिचं इतिवृत्त मिळवा आणि त्यात बायकांच्या नावानं किती ओळी आहेत ते मोजून आम्हाला कळवा. त्या ओळींशेजारी त्या प्रत्यक्ष काय बोलल्या तेही लिहून पाठवा. पुढच्या अंकात दोन्ही शेजारी शेजारी छापू.