अमानत मालकाच्या हाती

रमजानच्या अखेरीस कपडे, शिरखुर्म्याचा सुका मेवा, जकात असे व्यवहार एकामागून एक होतात. नेहमीपेक्षा वेगळा खर्च दिसला की बँकेची यंत्रणा फसवणुकीच्या संशयाने कार्ड बंद करू शकते. ही सावधगिरी योग्यच. पण खातेदाराचा पैसा ही अमानत आहे. ती सांभाळायची, तशीच मालकाने मागताच परतही द्यायची असते. फित्रा ईदच्या नमाजाआधी गरजूंपर्यंत पोहोचावा लागतो. अशा वेळी चांदरातीला ‘सुट्टीनंतर शाखेत या’ हे उत्तर पुरेसे नाही. ओळख पटताच कार्ड सुरू व्हावे.

खातेदारानेही ‘कार्ड बंद झालंय, ओटीपी सांगा’ अशा फोनला भुलू नये. कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः विचारावे. पैसे गेलेच, तर बँकेला आणि १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.