भरपाई कोणाला?

होर्हे नवारो या अमेरिकेतल्या घोड्यांच्या ट्रेनरला डिसेंबर 2021 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. घोड्यांना तो बंदी असलेली औषधं द्यायचा. त्यावरून पडलेलं 'ज्यूस मॅन' हे टोपणनाव तो मिरवायचासुद्धा. त्याच्या तबेल्यातला एक्सवाय जेट हा घोडा मार्च 2019 मध्ये दुबईची गोल्डन शाहीन ही मोठी शर्यत जिंकला आणि जानेवारी 2020 मध्ये मेला. हृदय बंद पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. या घोड्यालाही आपण उत्तेजकं दिली होती, अशी कबुली पुढे नवारोने कोर्टात दिली. शिक्षेबरोबर कोर्टाने त्याला 2 कोटी 58 लाख डॉलरची भरपाई भरायला सांगितली.

भरपाई अर्थातच माणसांची. मेलेल्या घोड्याचा त्या हिशेबात कुठे संबंध नव्हता, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगंही काही नव्हतं. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ट्रेनर, पशुवैद्य, औषधविक्रेते अशा 27 जणांवर खटले भरले. मुख्य आरोप होता भेसळीची आणि खोट्या लेबलाची औषधं राज्याराज्यांत फिरवल्याचा. जेसन सर्व्हिस हा बडा ट्रेनर त्यांतलाच. अटकेच्या जेमतेम दहा दिवस आधी त्याचा मॅक्सिमम सिक्युरिटी हा घोडा पहिलाच सौदी कप जिंकला होता. पहिलं बक्षीस 1 कोटी डॉलर. सर्व्हिसला चार वर्षांची शिक्षा झाली. सौदीने बक्षीस अडवून ठेवलं आणि 2024 मध्ये किताब दुसऱ्या आलेल्या मिडनाइट बिसू या घोडीला दिला. या सगळ्या काळात बातम्या होत्या त्या बक्षीस कोणाच्या खिशात जाणार याच्या.

मला शर्यती बघायला आवडतात. पुण्यात पावसाळ्यात सीझन सुरू झाला, की ओल्या हिरवळीवरून अंगावर येणारा टापांचा आवाज ऐकायला मीही कठड्याशी उभा राहिलो आहे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या घोळक्याचं बोलणं ऐका. जॉकीने घोडा खेचला, ट्रेनरने बनवलं, माझे पैसे बुडाले. फसवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फसलेला माणूस येतो. रेसमधले औषधबंदीचे नियमही याच काळजीतून जन्मले. घोडा औषधाने पळवला काय किंवा औषधाने मागे ठेवला काय, पैसे लावणाऱ्याचा विश्वास उडू नये, एवढाच त्यांचा मूळ हेतू.

म्हणूनच सगळा भर उत्तेजकांवर राहिला. माझ्या मते घोड्याच्या जिवावर जास्त उठतात ती साधी, कायदेशीर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं. दुखणं दाबणारी आणि सूज उतरवणारी.

मेडिना स्पिरिटचं प्रकरण आठवा. मे 2021 मध्ये हा घोडा अमेरिकेतली केंटकी डर्बी ही मोठी शर्यत जिंकला. बॉब बॅफर्ट या नामांकित ट्रेनरची ही विक्रमी सातवी डर्बी ठरणार होती. पण घोड्याच्या रक्तात बीटामेथासोन सापडलं, एका मिलिलिटरमध्ये 21 पिकोग्रॅम. हे स्टेरॉइड सूज उतरवण्यासाठी सर्रास वापरलं जातं; फक्त शर्यतीच्या दिवशी ते रक्तात असून चालत नाही. बॅफर्ट आधी म्हणाला, आम्ही ते दिलंच नाही. मग म्हणाला, कातडीच्या विकारावर लावलेल्या मलमातून ते गेलं असावं. पुढे कितीतरी महिने वकील भांडले ते इंजेक्शन की मलम यावर. फेब्रुवारी 2022 मध्ये जेतेपद काढून दुसऱ्या आलेल्या मँडलूनला दिलं गेलं. तोवर मेडिना स्पिरिट या जगात नव्हता. डिसेंबरमध्ये सँटा अनिटाच्या ट्रॅकवर सराव संपताना तो कोसळला. वय तीन वर्षं. शवविच्छेदनातून मृत्यूचं नक्की कारण निघालं नाही, त्यामुळे औषधाने मेला असं म्हणता येणार नाही. पण पिकोग्रॅमवर झालेल्या त्या घनघोर वादात घोड्याची तब्येत हा मुद्दा कितीदा निघाला?

सूज उतरवणाऱ्या औषधाचं एवढं काय, असं वाटेल. साडेचारशे-पाचशे किलोचा थरोब्रेड जातीचा शर्यतीचा घोडा ताशी साठ किलोमीटरने पळतो, तेव्हा टापेगणिक एका पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. पाय मोडून कोसळलेल्या घोड्यांची तपासणी केली, तर बहुतेकांच्या त्या जागी आधीपासून बारीक इजा आढळते. म्हणजे हाड मोडतं एका क्षणात, पण खचत असतं कित्येक आठवडे. त्या आठवड्यांत घोड्याकडे एकच उपाय असतो: लंगडायचं. सांध्यात इंजेक्शन गेलं की लंगडणं थांबतं, पशुवैद्याच्या नजरेतून घोडा पास होतो आणि तडा गेलेल्या हाडावर पूर्ण वेगाने पळतो. हाड मोडलं की वाचणं अवघड. तीन पायांवर भार टाकून उभा राहिला, तर उरलेल्या खुरांचा दाह होतो. 2006 ची डर्बी जिंकलेल्या बार्बारोचा मागचा पाय दोनच आठवड्यांत मोडला. उत्तम शस्त्रक्रिया झाली, आठ महिने उपचार झाले. शेवटी खुरांच्या दुखण्यामुळेच त्याला मरण द्यावं लागलं.

यावर इलाज नाही, असं मात्र नाही. सँटा अनिटावर एकाच हंगामात, 2018-19 मध्ये, तीस घोडे मेले तेव्हा अमेरिका हादरली. 2020 च्या अखेरीस देशभरासाठी एक कायदा झाला आणि पुढे त्याखाली नियम आले. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर चौदा दिवस शर्यत बंद. प्रत्येक उपचाराची नोंद सक्तीची. अमेरिकेत 2009 मध्ये घोडे हजार वेळा पळाले की सरासरी दोन मरत. या नियमांखालच्या ट्रॅकवर 2024 मध्ये हा आकडा 0.90 वर आला. मरण मोजायला लागल्यावर मरण कमी झालं.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राने बैलगाडा शर्यतींवर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी पाहिली. बैलाची शेपटी पिरगाळणं, पराणी टोचणं, सगळं न्यायासनापुढे आलं. 2014 च्या बंदीच्या निकालात बैलाची शरीररचना पळण्यासाठी नाही, घोड्याची आहे, असाही युक्तिवाद मान्य झाला. 2023 मध्ये नव्या नियमांसह शर्यतींना कायमचा हिरवा कंदील मिळाला. घोड्यांच्या शर्यतीही सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, 1996 मध्ये. तिथे प्रश्न होता, हा जुगार की कौशल्याचा खेळ? उत्तर आलं, कौशल्याचा. बैलाच्या खटल्यात बैल होता, घोड्याच्या खटल्यात पैसा. घोडा पळण्यासाठीच जन्मतो, हे खरंच. पण दुखऱ्या पायाने पळण्यासाठी कोणीच जन्मत नाही.

रेसवाल्यांच्या भूतदयेला आवाहन करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्यांच्या हिशेबीपणाला करावं. रेसच्या पुस्तकात घोड्याचे आईबाप, वय, वजन, जॉकी, मागच्या धावा असं सगळं छापलेलं असतं आणि लोक ते पोथीसारखं वाचतात. त्यातच प्रत्येक घोड्यापुढे आणखी एक ओळ छापा: सांध्यात शेवटचं इंजेक्शन कधी, कोणत्या पायात. आणि हंगामाच्या शेवटी किती धावांमागे किती घोडे गेले, तेही मुखपृष्ठावर. पंधरा दिवसांपूर्वी गुडघ्यात सुई गेलेल्या घोड्यावर शहाणा माणूस पैसे लावणार नाही. कोणी पैसे लावत नाही असा घोडा मालक उतरवणार नाही. घोड्याची कणव ज्यांना येत नाही, त्यांचा लोभ तरी त्याच्या कामी येऊ द्या.