थेंबाला टोक नसतं

'प्रकल्प' हा शब्द शाळेच्या डायरीत दिसला की हल्ली आई-वडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. (मूल मात्र निवांत असतं!) स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखीपासून सूर्यमालेपर्यंत सगळं तयार मिळतं. नाहीच मिळालं तर बाबा रात्री जागून करतात, आई सुवाच्य अक्षरात शीर्षक लिहिते आणि सकाळी मूल ते सांभाळून रिक्षात घेऊन बसतं. ३४ वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. वर्गशिक्षिका म्हणून असले प्रकल्प मी ढिगानं गोळा केले आहेत. मुलाच्या हातचं कुठलं आणि वडिलांच्या हातचं कुठलं, हे नुसतं उचलून ठेवतानाच कळतं, मंडळी!

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. हातानं चित्रं काढून ती हलती करायची, म्हणजे ज्याला ॲनिमेशन म्हणतात ते, प्रत्येक शाळेनं मुलांकडून एकदा तरी करून घ्यावं. आणि त्याला गुण देताना पडद्यावरची फिल्म नंतर बघावी, आधी कागदांचा गठ्ठा बघावा. का ते सांगते.

माझी नात नववीत आहे. तिच्या वर्गाला 'पाणी वाचवा' या विषयावर दहा सेकंदांची फिल्म करायला सांगितली होती. कशी करायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हिनं ठरवलं की हातानं काढायची. गळणारा नळ, खाली बादली, बादली भरत जाते आणि शेवटी काठावर एक चिमणी येऊन बसते. गोष्ट एवढीच.

आता यातला हिशोब बघा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. हातानं काढणारे लोक बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम्सना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. चित्रं अशी झपाझप डोळ्यांपुढून गेली की आपला मेंदू ती जोडून घेतो आणि आपल्याला हालचाल दिसते. दहा सेकंदांना झाली १२० चित्रं. वाया गेलेली धरून आमच्याकडे दोनशेच्या वर कागद झाले. सगळे पाठकोरे. तिच्या बाबांच्या ऑफिसातल्या जुन्या प्रिंटआउट्सचं असं सोनं झालं!

टीपॉयची काच पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवली आणि खाली टॉर्च लावला. झालं लाइट टेबल. खालच्या कागदावरचं चित्र वरच्या कागदातून दिसतं, मग ते किंचित पुढे सरकवून काढायचं. कागद हलू नयेत म्हणून पंचिंग मशीननं भोकं पाडली आणि पुठ्ठ्यातून वर आलेल्या दोन खिळ्यांत अडकवली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात नंबर. आधी मुख्य चित्रं काढायची, पहिलं, तेरावं, पंचविसावं अशी, आणि मग मधली भरत जायचं. स्टुलाला बांधलेल्या मोबाईलनं एकेक कागदाचा फोटो घ्यायचा आणि एका फुकट ॲपमध्ये ते ओळीनं लावायचे. हे सगळं ती व्हिडिओ बघून शिकली. पण पुढचं जे शिकली, ते तिला कुठल्याच व्हिडिओनं शिकवलं नाही.

पहिल्या खेपेला तिनं नळापासून बादलीपर्यंत थेंब यायला १५ चित्रं काढली. चालवून बघितलं तर थेंब सावरीच्या कापसासारखा तरंगत खाली! आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिनं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यातली गतीची समीकरणं घेऊन गणित मांडलं. अर्धा मीटर खाली पडायला थेंबाला साधारण एक-तृतीयांश सेकंद लागतो. म्हणजे चित्रं किती? फक्त चार! आणि त्या चारांतली अंतरंही सारखी नाहीत. पहिल्या टप्प्यात १ भाग, मग ३, मग ५, मग ७. वरती चित्रं जवळजवळ, खाली लांबलांब. तसं काढलं आणि थेंब टपकन पडला! ते समीकरण तिनं परीक्षेपुरतं घोकलं असतं आणि मेमध्ये विसरली असती. आता ती ते जन्मात विसरायची नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. थेंब सुटतो कसा, हे तिला जमेना. तेव्हा ती न्हाणीघरातल्या नळासमोर पाट टाकून बसली. चांगली अर्धा तास. (आमच्याकडे गळणारा नळ दुरुस्त न केल्याचा एवढा एकच फायदा झाला.) बाहेर आली ती ओरडतच, "अगं आजी, थेंबाला टोक नसतंच!"

मीही जाऊन बघितलं. खरंच, थेंब नळाच्या तोंडाशी हळूहळू फुगतो, लोंबतो, त्याची मान बारीक होत जाते आणि तुटते. तुटताना क्षणभर शेपूट दिसतं, पण लगेच तो आकसून गोल होतो आणि गोलच खाली पडतो. वर टोक आणि खाली पोट असा जो थेंब आपण पोस्टरवर, पाण्याच्या बिलावर, पाठ्यपुस्तकात बघतो, तसा थेंब हवेतून पडत नाही. सत्तरी ओलांडली, आयुष्यभर पाणी भरलं, पण हे मी कधी बघितलं नव्हतं. तिनं जशी बघितली तशी ती मान बारीक होणारी चित्रं काढली. आठ कागद लागले.

फिल्म शाळेत गेली. २० पैकी १२ गुण मिळाले. शेरा होता, 'थेंबाचा आकार चुकला. नळ थरथरतो. फिनिशिंग कमी.'

दुसऱ्या एका गटाला १८ मिळाले. त्यांनी संगणकाला एक वाक्य लिहून दिलं होतं आणि त्यानं चकचकीत फिल्म करून दिली होती. त्यातल्या थेंबाला छान टोक होतं!

त्या मुलांना मी नावं ठेवत नाही. हाताशी साधन होतं, कुणी मनाई केली नव्हती, त्यांनी वापरलं. त्या बाईंनाही मी फार दोष देणार नाही. साठ मुलांचे साठ व्हिडिओ, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं... हे सगळं मी जवळून बघितलेलं आहे. नळ थरथरतो हे तर खरंच. प्रत्येक कागदावर नळ नव्यानं काढला की रेघ केसभर हलणारच. म्हणून तर पूर्वी मोठ्या स्टुडिओंत न हलणारं चित्र एकदाच काढून हलणारं तेवढं पारदर्शक सेल्युलॉईडवर काढत.

माझी काळजी गुणांची नाही. नात गप्प बसली आणि मग म्हणाली, "पुढच्या वेळी नळाकडे नाही बघणार, नेटवरचा थेंब बघून काढीन." हे वाक्य मला लागलं. चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या डोळ्यांनी एक खरी गोष्ट शोधून काढली आणि आपण तिला शिकवलं काय, तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, सगळे काढतात तसं काढ. शाळा कशासाठी असते मग?

आम्ही नाशिकची माणसं, म्हणून फाळक्यांची आठवण निघणारच! त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये काढला, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीत एक बी लावलं होतं आणि रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली होती. 'अंकुराची वाढ' या नावानं ती ओळखली जाते. भांडवल मिळवण्यासाठी हीच छोटी फिल्म त्यांनी दाखवली. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्या एकेक करून सरकवायच्या आणि प्रत्येक वेळी चित्र घ्यायचं. आज ती फिल्म बघायला मिळत नाही. पण विचार करा, भारतीय चित्रपटाच्या जनकाची उमेदवारी कशात गेली? एका रोपाकडे रोज टक लावून बघण्यात!

चित्रं काढून हलवण्याचं रीतसर शिक्षण आपल्याकडे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ च्या सुमारास सुरू झालं. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि राम मोहन तिथेच तयार झाले. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची फिल्म तर दूरदर्शनवर बघत एक अख्खी पिढी मोठी झाली. माझी मुलंही त्यातलीच. ती चित्रं अगदी साधी आहेत. तरी ती फिल्म आजही लोकांना आठवते.

आता कुणी म्हणेल, आजी, जग कुठे चाललंय आणि तुम्ही पाठकोरे कागद काय घेऊन बसलात! संगणकाशी माझं भांडण नाही. हे लिहितेय तेही त्याच्यावरच. पण लेखन शिकवताना आपण मुलाला आधी स्वतःचं वाक्य लिहायला लावतो, टाइप करायचं नंतर. बघणं आधी शिकावं, साधनं आयुष्यभर आहेतच. आणि २०२४ चं ऑस्कर मियाझाकींच्या हातानं काढलेल्या चित्रपटाला मिळालं, तेव्हा हा मार्ग अगदीच मोडीत निघालेला नाही.

शिक्षकांच्या वेळेचं म्हणाल, तर माझ्याकडे उपाय आहे. दहा सेकंद नकोत, पाचच ठेवा. ६० चित्रं. पाच मुलांचा गट केला तर प्रत्येकी १२ कागद. गठ्ठा, त्यातले चुकलेले कागदसुद्धा, टेबलावर ठेवायला लावा. आणि प्रत्येक गटाला तीनच प्रश्न विचारा. काय बघितलंत? कुठे चुकलं? कसं दुरुस्त केलंत? पाच मिनिटं पुरतात. दुकानातून आणलेल्याला किंवा बाबांनी केलेल्याला या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. ज्यानं केलंय त्याला मात्र थांबवावं लागतं, इतकं तो बोलतो.

नातीला मी सांगितलंय की ते कागद रद्दीत द्यायचे नाहीत. विशेषतः मान बारीक होणारे आठ. तिच्या बाई भल्या आहेत, त्यांना एकदा घरी चहाला बोलवून नळ दाखवायचा माझा विचार आहे. नळ अजून दुरुस्त केलेला नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवली आहे, हे आपलं सांगून ठेवते!

तुमच्याही घरात नातवंडं असतील. पुढचा प्रकल्प आला की दुकानात जाण्याआधी त्यांना एकदा नळासमोर बसवून बघा.