नियम त्यांचा, कंबर तुमची!

प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुपवर ड्रेसकोडचा मेसेज फिरायला लागतो. मुलांसाठी ‘पॉलिश केलेले शूज’ आणि मुलींसाठी ‘फॉर्मल्स विथ हिल्स’. मागच्या वर्षी मीही मैत्रिणीच्या हिल्स मागून आणल्या, दोन तास रांगेत उभी राहिले आणि घरी येऊन कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडले. ‘आपल्याला सवय नाही, दुसरं काय!’ असं तेव्हा वाटलं होतं. पण प्रश्न खरंच सवयीचा आहे का?

आधी शरीराचं गणित बघूया. टाच उचलली गेली की वजन चवड्यांवर येतं आणि शरीराचा तोल पुढे सरकतो. तुम्ही पुढे पडू नये म्हणून गुडघे, कंबर, पाठ सगळेच जुळवून घेतात आणि मणक्याजवळच्या स्नायूंना जादा ड्युटी लागते. हिल्समुळे कंबरेचा बाक वाढतो, असं आपण सर्रास ऐकतो. त्यावर मात्र संशोधकांचं एकमत नाही. कुणाचा वाढतो, कुणाचा उलट कमी होतो.

पोटरीचं काय होतं, ते जास्त स्पष्ट आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किमान दोन वर्षं नियमितपणे पाच सेंटिमीटर किंवा त्याहून उंच हिल्स घालणाऱ्या महिलांच्या पोटरीचे स्नायुतंतू सुमारे १३ टक्के आखूड आढळले. टाचेमागची शीरही जाड आणि ताठर झालेली होती. म्हणजे ज्याला आपण ‘सवय झाली’ म्हणतो, ते शरीराने केलेलं अ‍ॅडजस्टमेंट असतं. म्हणूनच अशा पायांना नंतर फ्लॅट चप्पलही टोचते.

हौसेने, लग्नाला, पार्टीला हिल्स घालणं वेगळं. नोकरीसाठी रोज आठ तास घालाव्या लागणं वेगळं. जगभर वाद पेटला तो या दुसऱ्या गोष्टीवरून. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनला निकोला थॉर्प ही रिसेप्शनिस्ट फ्लॅट शूज घालून आली म्हणून तिला बिनपगारी घरी पाठवलं गेलं. तिच्या याचिकेवर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या, संसदेत चर्चा झाली. पण ‘आहे तो समानतेचा कायदा पुरेसा आहे’ म्हणत सरकारने नवा कायदा टाळला. त्याच २०१७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने हिल्सची सक्ती बंद केली. फिलिपिन्सनेही कंपन्यांना एक इंचापेक्षा उंच हिल्सची सक्ती करायला मनाई केली.

जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावाने ‘कुटू’ मोहीम सुरू केली. जपानी भाषेत बूट आणि वेदना या दोन शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत. त्यांना ‘मी टू’ जोडून हे नाव तयार झालं. तिथल्या कामगारमंत्र्यांनी हिल्सच्या सक्तीची पाठराखण केली, तरी पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठीचा हा नियम काढून टाकला.

आपल्याकडे काय? केरळमध्ये कापड दुकानांतल्या महिलांना दिवसभर बसायलाच मिळत नव्हतं. त्या लढल्या आणि २०१८ मध्ये ‘बसण्याचा हक्क’ कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. म्हणजे पायांचं आणि पाठीचं दुखणं हा कामगार हक्काचा विषय होऊ शकतो, हे आपल्याच देशात सिद्ध झालंय. तरीही हॉटेल, एव्हिएशन, इव्हेंट, शोरूम अशा नोकऱ्यांकडे बघणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी उंच टाचांबद्दल साधा प्रश्न तरी विचारतात?

तर पुढच्या ड्राइव्हआधी प्लेसमेंट सेलला एक ओळीचा मेसेज टाका: ‘फॉर्मल फ्लॅट्स चालतील का?’ एकटीने विचारायला अवघड वाटत असेल तर चौघींनी मिळून विचारा. आणि मुलांनो, तुम्हीही विचारा की! हिल्स घालायच्याच असतील तर कमी उंचीच्या, रुंद टाचेच्या घ्या आणि बॅगेत फ्लॅट्स ठेवा. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

हिल्स घालायच्या की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ते खरंच तुम्हीच ठरवताय ना, एवढं तपासून बघा.