नाव ठेवणारे आणि नावे ठेवणारे

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या हाताला चव आहे. मुलांची शिक्षणे संपली, दुपार मोकळी मिळू लागली, तेव्हा त्यांनी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला करून विकायला सुरुवात केली. पाकिटे छापायला टाकली तेव्हा छापखानेवाल्याने विचारले, "काकू, नाव काय टाकू?" काकू म्हणाल्या, "घरी केलेलं आहे, 'घरगुती' टाक." झाले बारसे!

सात वर्षे 'घरगुती' मेतकूट आजूबाजूच्या चार-पाच वस्त्यांमध्ये हातोहात खपले. आठव्या वर्षी बाजारातल्या एका व्यापाऱ्याने त्याच नावाने, तशाच पिवळ्या पाकिटात आणि निम्म्या किमतीत मेतकूट आणले. महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या आल्या काकूंकडे. "काकू, यंदाच्या मेतकुटाला खवट वास येतोय हो!" मेतकूट काकूंचे नव्हतेच. त्या वकिलाकडे गेल्या. वकील म्हणाले, "दावा लावता येईल. पण 'घरगुती' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राचा आहे. तो तुमचा एकटीचा आहे हे सिद्ध करण्यात वर्षे जातील आणि मेतकुटाची कमाईही जाईल." सात वर्षे राबून कमावलेले नाव असे परक्याच्या पाकिटात जाऊन बसले. त्या संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "तू पेपरात लिहितोस ना? मग मला एक नाव सांग. आणि फुकटात सांग!"

'फुकटात' हा शब्द महत्त्वाचा. कारण हेच काम करण्यासाठी घसघशीत पैसे घेणारी माणसे जगात आहेत. कंपन्यांना आणि त्यांच्या मालाला नावे शोधून देणे हाच त्यांचा धंदा. आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्याशी वाकून कानात कुर्र करते आणि घुगऱ्या खाऊन घरी जाते. त्यामुळे एका शब्दासाठी कोणी लाखो रुपये मोजतो हे ऐकले की आपल्याला हसू येते. मलाही येत असे. काकूंच्या निमित्ताने या मंडळींची कामाची रीत पाहिली आणि माझे हसू बरेच ओसरले.

'पेन्टियम'चेच उदाहरण घ्या. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर बनवणारी अमेरिकेतली इंटेल कंपनी आपल्या मालाला आकड्यांनी ओळखत असे: २८६, ३८६, ४८६. प्रतिस्पर्धी तेच आकडे वापरू लागले तेव्हा इंटेल न्यायालयात गेली. १९९१ साली न्यायालयाने '३८६' या आकड्यावर इंटेलची मालकी मान्य केली नाही. आता पुढच्या प्रोसेसरला '५८६' म्हटले असते, तर तोही आकडा कोणीही उचलला असता. म्हणजे एवढ्या बलाढ्य कंपनीचे दुखणे आणि आमच्या काकूंचे दुखणे एकच! इंटेलने कॅलिफोर्नियातल्या लेक्सिकॉन या नामकरण करणाऱ्या संस्थेला गाठले. डेव्हिड प्लेसेक यांनी १९८२ साली ती सुरू केली होती. तिथून आलेले 'पेन्टियम' हे नाव घेऊन १९९३ साली तो प्रोसेसर बाजारात उतरला. ग्रीक भाषेत 'पेन्टे' म्हणजे पाच. आपल्या 'पंच' या शब्दाचाच तो दूरचा भाऊबंद. पुढचा 'इयम' सोडियम-हीलियमसारख्या मूलद्रव्यांच्या घराण्यातला. पाचव्या पिढीचे हे यंत्र, आणि संगणकाचे मूलद्रव्यच जणू! आकडा गेला, पण त्याची आठवण राहिली, आणि शब्द मात्र इंटेलचा एकटीचा झाला.

असा शब्द कोणा एकाला अंघोळ करताना सुचतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हे काम धान्य पाखडण्यासारखे आहे. आधी मालकाला बोलते करायचे: वस्तू कोणासाठी आहे, तिचे प्रतिस्पर्धी कोण, ती हातात घेतल्यावर माणसाला काय वाटावे. मग लहान लहान गट करून शेकड्यांनी, कधी हजारांनी नावे लिहायची. कधी एखाद्या गटाला खरी वस्तू सांगतच नाहीत. भलत्याच वस्तूचे नाव शोधायला बसवतात, म्हणजे विचार ठरलेल्या वाटेने जात नाही. त्यानंतर सूप हाती घ्यायचे. कायद्याच्या कसोटीवर बहुतेक नावे गळतात, कारण ती आधीच कोणाची तरी असतात. उरलेली नावे निरनिराळ्या भाषांच्या जाणकारांना ऐकवायची; एका देशातला गोड शब्द दुसऱ्या देशात शिवी निघू शकतो. शेवटी सुपात पाच-सहा दाणे उरतात. पैसे मोजायचे ते या पाखडण्याचे.

या पाखडण्यात कानाला फार मोठा मान आहे. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. 'मिल' आणि 'माल' या दोन निरर्थक शब्दांचा अर्थ 'टेबल' असे समजा. मग मोठे टेबल कोणते? बहुसंख्य लोकांनी 'माल' म्हणून सांगितले. मराठी माणसाला हे वेगळे शिकवायला नको. आपली 'टिकली' चिमुकली असते आणि 'ढोल' अगडबंब असतो. पाखरांची 'किलबिल' होते आणि ढगांचा 'गडगडाट'. शब्दाचा अर्थ मनात शिरण्याआधी त्याचा आवाज कानात शिरलेला असतो. नामकरण करणारे हेच ज्ञान कामाला लावतात.

सल्लागार नव्हते तेव्हाही काही मालकांना हे उपजत कळत होते. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली आपल्या कॅमेऱ्याला 'कोडॅक' हे नाव दिले. 'के' हे अक्षर त्याला जोरकस वाटे, म्हणून शब्दाच्या दोन्ही टोकांना ते बसवले. अर्थ काहीच नाही. पण छोटा शब्द, चुकीचा उच्चारायला कठीण आणि दुसऱ्या कशाशीही न जुळणारा. आपल्याकडची नावे घरातून आणि व्यवहारातून आली. करसनभाई पटेलांनी लेकीच्या नावावरून 'निरमा' केले. पेंढारकरांच्या विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीच्या आद्याक्षरांतून 'विको' झाले. टाटा इंडस्ट्रीज आणि तामिळनाडू यांच्या अक्षरांच्या जोडणीतून 'टायटन' घडले. 'अमूल'मध्ये संस्कृत 'अमूल्य' आहे आणि आणंदच्या दूध संघाची इंग्रजी आद्याक्षरेही आहेत. 'लॅक्मे' तर आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. यांतला एकही शब्द वस्तूचे वर्णन करीत नाही. निरमा म्हणजे 'स्वच्छ' नव्हे आणि विको म्हणजे 'दात' नव्हे.

मर्म इथेच आहे. मालकाला सगळे सांगून टाकणारा शब्द आवडतो: शुद्ध, ताजे, अस्सल, घरगुती. पण जो शब्द वस्तूचा गुण सांगतो, तो तो गुण असलेल्या प्रत्येकाचा असतो. आपला १९९९चा ट्रेड मार्क कायदाही हेच म्हणतो. केवळ मालाचा प्रकार किंवा गुण सांगणाऱ्या शब्दाची नोंदणी सहसा होत नाही; दीर्घ वापराने लोक तो शब्द एकाच उत्पादकाशी जोडू लागले आहेत, हे आधी सिद्ध करावे लागते. उलट ज्या शब्दाला काहीच अर्थ नाही, त्यात आपण आपला अर्थ ओतू शकतो, आणि मग तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

म्हणून नाव ठेवणाऱ्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. पण त्यांना जादूगार मानणेही तितकेच चूक. फोर्ड कंपनीने १९५५ साली नव्या मोटारीच्या नावासाठी थेट मॅरिअन मूर या नामवंत कवयित्रीला पत्र लिहिले. बाईंनी मोठ्या उत्साहाने नावे पाठवली. त्यातले एक होते 'यूटोपियन टर्टलटॉप', म्हणजे स्वप्ननगरीतली कासवपाठ! कंपनीने आणखी हजारो नावे गोळा केली आणि अखेर मालकांच्या घरातलेच 'एडसेल' हे नाव ठेवले. १९५७ साली आलेली ती मोटार १९५९ साली बंद पडली. दोष सगळा नावाचा नव्हता. किंमत, रूप आणि बाजाराची वेळ, सारेच चुकले होते. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही.

आणि कधी कधी नशीबही आडवे येते. टाटा मोटर्सने 'झिपी कार' या शब्दांवरून आपल्या छोट्या गाडीचे नाव 'झिका' ठेवले होते. गाडी बाजारात येणार तोच, २०१६च्या सुरुवातीला, झिका विषाणूच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून गेली. कंपनीने हट्ट धरला नाही. लोकांकडून नावे मागवली आणि गाडीला 'टियागो' केले. आपले नाव लोकांच्या कानाला कसे लागते, हे ऐकून बदलण्याची तयारी दाखवली, हे मला त्यातले मोठेपण वाटते.

मोठ्यांना सल्लागार परवडतात. आपल्या गावोगावच्या बचत गटांचे, लोणची-पापड करणाऱ्या बायांचे काय? त्यांच्या मालाच्या चवीची कोणी नक्कल करू शकत नाही. नावाची मात्र सहज होते. माल करायला शिकवणारी शिबिरे पुष्कळ होतात. त्यांत एक तास नाव कसे निवडावे, त्याची नोंदणी कुठे आणि कशी करावी, यासाठी ठेवला, तर फार मोठा खर्च येणार नाही.

काकूंसाठी आम्ही एवढेच केले. जेवणाच्या टेबलावर बसून चाळीस नावे लिहिली. गुण सांगणारी सगळी खोडली. नोंदवहीत आधीच सापडणारी खोडली. उरलेली काकूंनी नागपूरच्या बहिणीला फोनवरून एकेकदाच सांगितली आणि लिहून घ्यायला लावली. जे तिने पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिले, ते ठरले. नोंदणीचा अर्ज गेला आहे, पण मंजुरी अजून यायची आहे. तेव्हा ते नाव इथे छापू नकोस, अशी काकूंची सक्त ताकीद आहे. सात वर्षांत त्या एवढे नक्कीच शिकल्या आहेत.