'ते येतंच असतं, मॅडम'

गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयाची वेबसाइट उघडली. पासबुक, आधार कार्ड, चष्मा सगळं टेबलावर मांडून बसले होते. पण पान उघडण्याऐवजी लाल त्रिकोण आला आणि खाली वाक्य, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काही होत नाही, मॅडम. ॲडव्हान्स्डवर क्लिक करा, मग प्रोसीड करा. सगळेच तसं करतात."

"अगं, पण पुढे जाणं असुरक्षित आहे असं लिहिलंय इथे."

"ते येतंच असतं, मॅडम."

त्या 'येतंच असतं'बद्दल आज लिहायचं आहे.

मी काही कॉम्प्युटरची जाणकार नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले आणि गिरगाव-लालबागच्या शाळांमध्ये आयुष्य गेलं. पण दाखला म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मूल परराज्यात निघालं, की तिथल्या शाळेला आमच्या मुख्याध्यापकांची सही कुठून ओळखीची असणार? म्हणून त्यावर शिक्षण निरीक्षकांची प्रतिस्वाक्षरी लागायची. वेबसाइटचं प्रमाणपत्र अगदी असंच असतं. ही वेबसाइट अमुक पत्त्याचीच आहे असं एक संस्था लिहून देते, त्या संस्थेवर वरच्या संस्थेची सही असते आणि सगळ्यात वरच्यांची यादी ब्राउझरजवळ किंवा विंडोजसारख्या प्रणालीजवळ आधीच असते. सही जुळली नाही, नाव जुळलं नाही किंवा मुदत संपली, की ब्राउझर तुम्हाला दारातच अडवतो.

माझा एक जुना विद्यार्थी लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मागे एकदा माझ्याकडे सगळ्याच वेबसाइटवर हा त्रिकोण यायला लागला होता. त्याने येऊन आधी कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षं मागे गेलेली! "बाई, आतला सेल गेलाय," म्हणाला. रुपयाच्या नाण्याएवढा सेल, सीआर २०३२ नावाचा. तो बदलला, तारीख लावली आणि सगळं सुरळीत झालं. घड्याळ मागे गेलं की ब्राउझरला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं, एवढंच.

तेव्हा त्याने शिकवलेला क्रम मी वहीत लिहून ठेवला आहे. त्रिकोण सगळीकडे येतो की एकाच ठिकाणी? सगळीकडे येत असेल तर आपली तारीख बघा. स्टेशनवरचं किंवा हॉस्पिटलमधलं फुकट वायफाय असेल तर त्याचं लॉगिन राहिलं आहे का ते बघा. फोन किंवा कॉम्प्युटर फार जुना असेल तर त्याच्याजवळची सही करणाऱ्यांची यादीही जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला अशी एक जुनी मूळ सही मुदतबाह्य झाली आणि अनेक जुनी यंत्रं अडली. एकाच ठिकाणी येत असेल तर टाइप केलेला पत्ता अक्षरन् अक्षर वाचा. तो बरोबर असेल, तर चूक बहुधा त्यांची. मग तिथे पासवर्ड टाकायचा नाही.

त्या दिवशी मी हे सगळं पाहिलं. तारीख बरोबर, पत्ता बरोबर, बाकी वेबसाइट नीट चालत होत्या. त्या कार्यालयाच्या प्रमाणपत्राची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. मुलांना आम्ही सांगायचो, दाखल्यावरची तारीख बघून मग ये. इथे कार्यालयच शिळा दाखला घेऊन उभं, आणि वर मलाच सांगतं की डोळे मिटा आणि आत या!

कुणी म्हणेल, मुदत संपली म्हणून लगेच कुणी चोर होत नाही. खरं आहे. मीही तसं म्हणत नाही. पण त्रिकोण खोटा आहे की खरा, हे त्या मुलीला फोनवरून कसं कळलं? तिने काहीच तपासलं नव्हतं. 'सगळेच करतात' हा तपास नव्हे.

खऱ्या त्रिकोणाचं एक उदाहरण सांगते. २०११ साली हॉलंडमधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीत चोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं काढली. इराणमधल्या सुमारे तीन लाख पत्त्यांवरच्या लोकांची जीमेलची पत्रं त्यामुळे धोक्यात आली. हे उघडकीला कसं आलं? ऑगस्टमध्ये तिथल्या एका माणसाच्या क्रोममध्ये असाच इशारा आला आणि 'येतंच असतं' म्हणून सोडून न देता त्याने जाहीरपणे विचारलं, हे काय आहे? महिन्याभरात ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

आणि हे परदेशातच घडतं असं नाही. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं आढळलं. गूगलने कळवल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी केंद्राची संबंधित प्रमाणपत्रं रद्द केली. तीन गूगलची आणि एक याहूचं अशी चार प्रमाणपत्रं चुकीची निघाल्याचं त्यांनी सांगितलं. पण त्याहून जास्त असल्याचं दिसतं असं म्हणून गूगलने क्रोममध्ये आपल्या त्या सरकारी सहीवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता ठेवला. म्हणजे शिक्का मारणारा हातही चुकतो. अशा वेळी सामान्य माणसाजवळ उरतो तो हा त्रिकोण. त्याच्याकडे दुर्लक्ष करायला आपणच लोकांना शिकवायचं?

माझा खरा राग इथे आहे. याच कार्यालयाच्या भिंतीवर 'ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहा' असा मोठा फलक आहे. उद्या आमच्यापैकी कुणाचे पैसे गेले, तर हेच लोक म्हणणार, "या म्हाताऱ्या माणसांना कळत नाही, कुठेही क्लिक करतात." अहो, कुठेही क्लिक करायला शिकवलं कुणी? वर्गात मी चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून द्यायचं आणि परीक्षेत मुलांनी तेच लिहिलं म्हणून त्यांचे मार्क कापायचे, असाच हा प्रकार आहे.

नुसतं कुलूप दिसलं म्हणजे पलीकडचा सज्जन असंही नाही, हे सांगायला हवं. भामट्यालाही स्वतःच्या पत्त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. म्हणून पत्ता वाचायची सवय हवीच. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' पत्त्यावर जायला सांगितलं, ते त्यासाठीच. पण आम्ही वाचायचं आणि त्यांनी मुदतही पाळायची नाही, हे चालणार नाही. पूर्वी प्रमाणपत्र ३९८ दिवसांपर्यंत चालायचं. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा ज्यांना आठवत नाही, त्यांना दीड महिन्याने कसं आठवणार? नूतनीकरण आपोआप होण्याची सोय असते, ती करा. आणि तरीही मुदत चुकलीच, तर हेल्पलाइनवरच्या मुलीला एवढंच म्हणायला शिकवा, "चूक आमची आहे. आज काही भरू नका, दोन दिवसांनी या."

मी काहीच भरलं नाही. पाचव्या दिवशी वेबसाइट निमूट उघडली आणि माझं काम दहा मिनिटांत झालं. पाच दिवस थांबून माझं काहीही बिघडलं नाही. त्या पाच दिवसांत किती जणांनी 'प्रोसीड' केलं असेल, देव जाणे.

कार्यालयाला हे सगळं मी पत्राने कळवलं आहे, रजिस्टर्ड पोचपावतीसह. उत्तर आलं की इथे लिहीनच.