रात्री दोन वाजता डॉक्टरांना मेसेज, की १०८ ला फोन?

डिसेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि रील्सच्या गर्दीत हरवून गेली. अँड्रॉइडची ‘इमर्जन्सी लोकेशन सर्व्हिस’ भारतात सुरू झाली आणि ती पूर्णपणे वापरणारं पहिलं राज्य उत्तर प्रदेश ठरलं. तिथे कोणी ११२ लावला, की फोन जीपीएस, वायफाय आणि मोबाइल टॉवरच्या मदतीने आपलं लोकेशन काढतो आणि थेट कंट्रोल रूमला कळवतो. वेगळं ॲप टाकावं लागत नाही.

सोय भारी आहे, पण ती फोन लावणाऱ्यालाच उपयोगी. आपली मात्र फोन लावायची सवयच मोडत चालली आहे. रात्री घरात कोणाला बरं वाटेनासं झालं, की आपण फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतो आणि टिक निळी व्हायची वाट बघत बसतो. खरा धोका या वाट बघण्यात आहे.

टिक म्हणजे उत्तर नाही

एक टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघाला. दोन टिक म्हणजे डॉक्टरांच्या फोनवर पोहोचला. निळ्या टिक म्हणजे चॅट उघडलं गेलं. ‘मी बघतोय, हे करा’ असं यातली एकही टिक सांगत नाही. शिवाय रीड रिसीट बंद असेल तर मेसेज वाचूनही टिक निळी होत नाही.

आयटीत रात्रीच्या कामाला ‘ऑन-कॉल’ माणूस असतो. त्याने ठरलेल्या वेळेत अलर्टला उत्तर दिलं नाही, तर तो आपोआप पुढच्याकडे जातो. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात बहुतेक वेळा एकच डॉक्टर असतात. दिवसभर पेशंट तपासून ते झोपले, की मेसेज पुढे सरकवणारं कोणीच नसतं. यात डॉक्टरांची चूक नाही. चॅट हे माध्यमच तातडीसाठी बनलेलं नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आणले तेव्हा चॅट, फोन आणि व्हिडिओ तिन्हींना मान्यता दिली. पण इमर्जन्सीत दुसरा मार्ग नसेल तरच दुरून सल्ला द्यायचा, तोही प्रथमोपचारापुरता, आणि पेशंटला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचारासाठी पाठवायचं, हेही त्यात स्पष्ट आहे. ‘ई-संजीवनी’वरच्या मोफत ऑनलाइन ओपीडीलाही हीच मर्यादा आहे.

इथे मेसेज टाइप करू नका

- छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये कधी नुसता दम, मळमळ किंवा अचानक थकवाही असू शकतो. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.
- तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं. हा स्ट्रोक असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून पेशंट शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. त्याला खायला-प्यायला काही देऊ नका.
- श्वास घेता न येणं, ओठ निळे पडणं, बेशुद्धी, पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट, न थांबणारं रक्त, सापाचा दंश, विषबाधा.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, किंवा कुठल्याही बाळाने दूध घेणं सोडून मलूल पडणं.
- कोणी जीव द्यायचं बोलत असेल तर तीही इमर्जन्सीच. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. त्याने काही करून घेतलं असेल तर आधी १०८.

याउलट मोठ्या माणसाला आजच आलेला हलका ताप, सर्दी, संपत आलेली गोळी, रिपोर्टचा फोटो, हे सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. त्यासाठी चॅट उत्तम. ‘हाय डॉक्टर’ एवढंच पाठवून थांबू नका. वय, त्रास काय, कधीपासून, चालू औषधं आणि ॲलर्जी एकाच मेसेजमध्ये लिहा.

फोन लावताना

१०८ ची मोफत ॲम्ब्युलन्स सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, गोव्यातही हाच नंबर चालतो. लोकेशन आपोआप जाईल असं इथे गृहीत धरू नका. गाव किंवा एरिया, बिल्डिंग, मजला आणि जवळची खूण सांगा. पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे सांगा आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका. दुसऱ्या कोणाला तरी गेटवर उभं करा, कारण रात्री बिल्डिंग शोधण्यातच वेळ जातो.

फोनचं एसओएस बटण बहुतेक वेळा १०८ ला नाही, ११२ ला लागतं. तिथूनही मदत मिळते, फक्त ‘ॲम्ब्युलन्स हवी’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

डॉक्टरांशी बोलायचंच असेल तर व्हॉट्सॲप कॉल नको, साधा कॉल करा. नाही उचलला तर लगेच पुन्हा लावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ‘रिपीट कॉलर्स’ सेटिंग चालू असेल तर अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत आलेला दुसरा कॉल वाजतो. पण वरच्या यादीतलं काही असेल तर आधी १०८, डॉक्टर नंतर.

आज पाच मिनिटं काढा

आई-बाबांच्या फोनमध्ये १०८ सेव्ह करा. लॉक स्क्रीनवर दिसेल अशी मेडिकल माहिती भरा: रक्तगट, औषधं, ॲलर्जी, तुमचा नंबर. डॉक्टरांना दिवसा भेटून विचारा, ‘रात्री काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला जाऊ?’ ते उत्तर फॅमिली ग्रुपमध्ये पिन करून ठेवा. व्हॉट्सॲपचा खरा उपयोग इथे आहे.